सव्य म्हणजे कुठली बाजू, एस्तर?

एस्तर,

तुझ्या भावाचं पत्र मंगळवारी आलं. मराठीतच लिहिलंय, आणि अक्षर तुझ्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे. दोन ओळींत तू गेल्याचं, आणि बाकी पानभर तिकडच्या उन्हाळ्याचं. तुमच्या घरात दुःख असंच सांगतात हे मला ठाऊक आहे. कॉलेजात सगळ्यांनी मला सांगितलं की तुझ्याबद्दल चार चांगले शब्द लिही. लिहीन, पण आधी आपलं भांडण. सव्य म्हणजे उजवं. तू गेलीस म्हणून मी माघार घेईन अशी तुझी अपेक्षा असेल तर ती सोडून दे.

हे सगळं तुला माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगते, कारण आता मधेमधे टोकायला तू नाहीस. मी पनवेलच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारी. तू मुंबईच्या एका संस्थेत बारा वर्षं फिल्म तपासणारी. परदेशातल्या यंत्रात प्रोटॉन प्रचंड वेगाने हायड्रोजनवर आदळवायचे, टकरीतून निघणाऱ्या कणांच्या वाटांचे फोटो घ्यायचे, आणि मग कुणीतरी अंधाऱ्या खोलीत बसून त्या फोटोंच्या रिळांमधून एकेक वाट डोळ्यांनी शोधायची. ती कुणीतरी म्हणजे तू. पुढे संस्थेला या जुन्या पद्धतीत रस उरला नाही. माझे पीएच.डी.चे गाईड तिथलेच प्रोफेसर, त्यांना आपण मोठे सर म्हणायचो. भंगारात निघालेलं प्रोजेक्टरचं अवजड टेबल त्यांनी रिळांच्या पेट्यांसकट आपल्या कॉलेजच्या वरच्या मजल्यावर पाठवून दिलं. टेबलामागोमाग तू आलीस, कारण तू पनवेलचीच, इस्रायल आळीतल्या ज्यू घरातली. "मी टेबलाबरोबर फ्री मिळालेय, मॅडम," तू पहिल्या दिवशी म्हणालीस. मॅडम म्हणायचं तू दुसऱ्या दिवशी सोडलंस.

आपण लॅम्डा नावाचा कण शोधत होतो. लॅम्डाला विद्युतभार नसतो, म्हणून त्याची वाट फोटोत उमटत नाही. टक्कर दिसते, मग थोडी रिकामी जागा, आणि तिथून एकदम फुटलेला इंग्रजी व्ही. म्हणजे लॅम्डा तिथे संपला, आणि त्याच्यातून एक प्रोटॉन आणि एक पायॉन निघाला. अशा पुष्कळ व्हींमध्ये प्रोटॉन कुठल्या बाजूला जास्त गेले ते मोजलं, की लॅम्डांचा स्पिन, म्हणजे त्यांचं स्वतःभोवती फिरणं, कुठल्या बाजूचं होतं ते कळतं. स्पिनला फिरकी म्हणायचं, हे तुझं. "कुणीतरी आपली फिरकी घेतंय, हे मला पहिल्या दिवसापासून वाटतंय," तू म्हणायचीस.

आदळणाऱ्या प्रोटॉनांच्या फिरक्या कशाही, कुठल्याही बाजूला. एवढ्या ऊर्जेची टक्कर, एवढी मोडतोड, त्यातून बाहेर पडणाऱ्या लॅम्डांच्या फिरक्याही मग अर्ध्या इकडे आणि अर्ध्या तिकडे असायला हव्यात. सिनेमा सुटल्यावर बाहेर पडणारी सगळी माणसं एकाच अंगाला कलून चालत नाहीत. परदेशात काही जणांना लॅम्डांच्या फिरक्या कललेल्या दिसल्या होत्या. त्या का कलतात ते मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. आपल्या थोडक्या रिळांत असलं काही दिसणार नाही, याची मोठ्या सरांना खात्री होती. "निसर्ग डावं-उजवं करत नाही, सुनंदाबाई," असं ते चहा पिताना म्हणायचे, आणि तू त्यांच्या पाठीमागे डोळे फिरवायचीस.

तुला मात्र घाई होती. भाऊ आधीच इस्रायलला गेला होता, आई-बाबांचे आणि तुझे कागद निघाले होते. बारा वर्षांत तू पाहिलेल्या रिळांवर कितीतरी निबंध छापून आले, लोक डॉक्टर झाले, पण तुझं नाव कशावरच नव्हतं. शेवटी आभार असतात, तेही 'स्कॅनिंग स्टाफ'चे. "जायच्या आधी एक तरी गोष्ट एस्तरने पाहिली असं छापून यायला हवं," तू एकदाच म्हणालीस, तेही रीळ गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडे न बघता. त्या दिवसापासून ते काम माझ्या पीएच.डी.पेक्षा तुझं जास्त झालं.

काम तरी कसलं, अर्धा वेळ तर आपण ट्रक जायची वाट बघायचो. पळस्प्याकडून न्हावा शेव्याला जाणारे कंटेनर कॉलेजच्या फाटकावरून धडधडत जायचे, आणि टेबलावरचं चित्र थरथरायचं. केसाएवढ्या वाटेचा कोन मोजायचा आणि चित्र नाचतंय. शेवटी बाळाराम मामा गॅलरीत उभे राहायला लागले. कॉलेजचे शिपाई, नेऱ्याचे, आणि आपल्या फिरकीवर त्यांचा आपल्याइतकाच हक्क आहे असं त्यांचं मत. "थांबा बाई, दोन हायत मागं. आमी सांगल्याबिगर तुमी मोजू नका." आपण कोन मोजायच्या काट्यावरचा हात उचलून बसायचो. "आता मोजा. आता काय नाय." मामांच्या परवानगीशिवाय एकही लॅम्डा वहीत गेला नाही.

आता तो शब्द. तीन कॅमेऱ्यांचे फोटो जुळवून, आलेल्या कणाची आणि लॅम्डाची वाट ज्या सपाट पातळीत येते तिच्या कुठल्या बाजूला प्रोटॉन गेला ते ठरवायचं. मग मनाने त्या बाजूला उभं राहून टकरीकडे बघायचं, आणि आलेल्या कणाच्या वाटेवरून लॅम्डाच्या वाटेवर जाताना कुठे वळावं लागतं ते लिहायचं. दोनच उत्तरं. पण 'डा' आणि 'उ' ही अक्षरं आधीच खर्ची पडली होती, वहीत त्यांचा अर्थ पडद्याचा डावा आणि उजवा भाग असा होता. दुसरी जोडी हवी होती. मी म्हटलं, "सव्य आणि अपसव्य लिहू. स आणि अ." तू म्हणालीस, "मस्त. शाळेत संस्कृतला मी पहिली होते." झालं. त्याचा अर्थ काय धरायचा, हे कोणी कोणाला विचारायचं? मी भटजींची मुलगी, तू संस्कृतवाली. विचारणं म्हणजे अपमानच.

वर्ष गेलं, वर काही महिने गेले. तू रिळं पाहिलीस, मी रिळं पाहिली, एकमेकींची मात्र कधी पाहिली नाहीत, कारण तेवढा वेळ नव्हता. बेरीज केली तर स आणि अ सारखे. कल नाही. तू म्हणालीस, "माझ्या रिळांत आहे गं. मला मोजताना जाणवतो." मी म्हटलं, माझ्याही रिळांत आहे. मग बेरजेत कुठे जातो?

मोठे सर हिशेब बघायला आले तो शुक्रवार होता. शुक्रवारी तू लवकर निघायचीस, दिवेलागणीच्या आत तुमच्या शनिवारच्या शब्बाथची तयारी करायला. म्हणून पुढचं तुला माहीत नाही. तुला मी एवढंच सांगितलं होतं की महिनाअखेर टेबल जाणार. सरांनी दोघींचे आकडे वेगळे मांडले, आणि हसले. "बघा. तुमच्यात स जास्त, एस्तरबाईंच्यात अ जास्त. दोन्हीकडे सारखेच जास्त. याचा अर्थ दोघींना जे दिसायला हवंय ते दिसतंय. शून्य लिहून टाका, म्हणजे टेबल उचलता येईल."

आणि मी म्हटलं, "सर, मग एस्तरची रिळं वगळा. तिचं अर्धं लक्ष आता इस्रायलमध्ये आहे."

हे मी म्हटलं, एस्तर. कुणी माझ्या तोंडात घातलं नाही. माझा कल खरा ठरावा म्हणून मी तुझे डोळे खोटे ठरवले, तेही तू खोलीत नसताना. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आणि तुमचं लक्ष कुठे आहे?" त्यांचा मला आयुष्यात कधी इतका राग आला नव्हता, आणि ते इतके बरोबरही कधी नव्हते.

रविवारी सकाळी तू वही घेऊन आमच्या घरी आलीस. सगळ्या बेरजा पुन्हा करून आणल्या होत्यास, चूक सापडली नव्हती. आत माझे बाबा श्राद्ध सांगत होते. न्यू पनवेलच्या फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून एक बँकेतले गृहस्थ वडिलांचं श्राद्ध आमच्या ओसरीवर करायचे. तू दाराशी थांबलीस. बाबा म्हणाले, "आता अपसव्य करा." गृहस्थांनी जानवं मानेभोवती फिरवून परत जिथल्या तिथे आणलं. बाबा वैतागले. "अहो, उजव्या खांद्यावर घ्या. सव्य म्हणजे डाव्या खांद्यावर, अपसव्य म्हणजे उजव्या. दरवर्षी काय सांगायचं?"

तू माझ्या कानाशी म्हणालीस, "करेक्ट. सव्य म्हणजे डावं. तुझे बाबा नीट शिकवतात."

"सव्य म्हणजे उजवं," मी म्हटलं. "जानव्याचं सोड. सव्य प्रदक्षिणा म्हणजे उजवीकडून, घड्याळाच्या काट्यासारखी."

"आणि सव्यसाची? अर्जुन डाव्या हातानेही बाण मारायचा म्हणून सव्यसाची. सव्य म्हणजे डावं, सुनंदा, कुठल्याही शाळेत विचार."

"अगं, मी गेलं वर्षभर उजवीकडच्या वळणाला स..."

वही तुझ्या हातात होती, आणि तू ती अशी धरली होतीस की आता पडेल.

श्राद्धाच्या घरात कुणी हसू नये. आपण दोघी पायरीवर बसून तोंडावर पदर आणि ओढणी दाबून हसलो, इतकं की बँकेतल्या गृहस्थांना वाटलं मी रडतेय, आणि त्यांनी मान हलवून माझं सांत्वन केलं. नंतर बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "दोन्ही बरोबर आहे." दोन्ही कसं बरोबर असेल, बाबा? "शब्द एक, कामं दोन. चाळीस वर्षांत माझं काही अडलं नाही." तू कपाटातून कोश काढलास. सव्य: डावा. आणि त्याच्याच खाली, त्याच शब्दाला: उजवा. सव्यापसव्य म्हणजे नसता खटाटोप, हे आपण रोज बोलण्यात वापरत होतो. तो खटाटोप आपण अख्खं वर्ष करतोय, हे मात्र आपल्याला कळलं नव्हतं.

मग तू पायरीवरच पेन काढलंस. तुझे सगळे स अ केलेस, सगळे अ स. आणि बेरीज केलीस. एस्तर, तेव्हाचा तुझा चेहरा मला अजून दिसतो. दोन बायका, वेगळी रिळं, वेगळे दिवस, एकमेकींची एकही नोंद न बघता केलेली मोजणी, आणि कल एकाच बाजूला, जवळजवळ सारखाच. सरांनी ज्याला आपल्या चुकीचा पुरावा म्हटलं होतं, तोच आपला सगळ्यात मोठा पुरावा होता. आपली एकमेकींशी बोलून ठरवायची सोयच नव्हती, आपली तर भाषाही उलटी होती. "आहे," तू म्हणालीस. "आहे गं. मी सांगत होते ना, आहे."

सोमवारी सकाळी एसटीडी बूथवरून मी सरांना फोन केला, तू काचेला नाक लावून बाहेर उभी. सर म्हणाले, "आकडा आवडला नाही म्हणून चिन्ह बदललं?" त्यांचं बरोबरच होतं, मीही असंच म्हटलं असतं. त्यांनी अट घातली. आपण दोघींनीही न पाहिलेलं रीळ ते आणणार, आणि त्यांच्यासमोर एकीने मोजायचं, तेव्हा दुसरीने व्हरांड्यात बसायचं. शिवाय जुन्यांतल्या काही रिळांची अदलाबदल. "आणि शब्द एकही नको. कागदावर बाण काढा. मराठीवर माझा विश्वास उरला नाही."

तुझं तिकीट त्यानंतर तीन आठवड्यांचं होतं. सर नवं रीळ घेऊन आले त्या दिवशी तुझी बोटं गार पडली होती, काट्यावर ठेवण्याआधी तू ती चहाच्या ग्लासावर शेकून घेतलीस. मामा गॅलरीत. आधी मी मोजलं, मग तू. तू आत असताना मी व्हरांड्यात बसले होते आणि मला एकच भीती वाटत होती, की तुझे डोळे चुकतील आणि माझं शुक्रवारचं वाक्य खरं ठरेल. स्वतः खोटं ठरावं अशी इतकी मनापासून इच्छा मला पुन्हा कधी झाली नाही.

सरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. एकेका बाणावरून बोट फिरवत गेले. सगळे बाण जुळले. एका जागी वाट इतकी पुसट होती की तिथे दोघींनीही बाण न काढता प्रश्नचिन्ह काढलं होतं, आणि तेही जुळलं. मग अदलाबदल केलेल्या जुन्या रिळांच्या नोंदी. जिथे माझा जुना स, तिथे तुझा बाण उजवीकडे, आणि जिथे तुझा स, तिथे माझा बाण डावीकडे, पानामागून पान, एकही अपवाद नाही. मग सरांनी कागद खाली ठेवले आणि बोलायला तोंड उघडलं. एक ट्रक गेला, मामांनी सवयीने "थांबा बाई" म्हटलं, आणि सर खरोखर थांबले. ट्रक गेल्यावर म्हणाले, "करतो की. डावं-उजवं करतो की तो."

तू टाळी वाजवलीस. बारा वर्षं अंधाऱ्या खोल्यांत कुजबुजत काम केलेली तू, प्रोफेसरांच्या तोंडावर टाळी वाजवलीस. मामांनी खाली जाऊन सगळ्या स्टाफरूमला सांगितलं, "आमची फिरकी लागली." काय लागलं ते कुणाला कळलं नाही, तरी पेढे मात्र सगळ्यांनी खाल्ले.

निबंधावर स्कॅनरचं नाव घालायची पद्धत नाही, असं सर म्हणाले. मी म्हटलं, मग माझंही घालू नका. आवाज चढला, दार आपटलं, शेवटी तुझं नाव घातलं गेलं. तुझ्यासाठी मी भांडले, हे मी तुला विमानतळावर मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आणि तू मला घट्ट धरून रडलीस. तेव्हा सांगायला हवं होतं की का भांडले. दहा वेळा पत्रात लिहायला घेतलं, आणि प्रत्येक वेळी तुझं पत्र असं हसरं यायचं की राहून जायचं. छापील प्रत तुला पाठवली तेव्हा तू लिहिलंस, "नाव तिसरं आहे. तिसरं चांगलं दिसतं. आई शेजारणींना दाखवतेय, त्यांना हिब्रू येतं, इंग्रजी येत नाही, त्या फक्त मान हलवतात. ता. क. सव्य म्हणजे डावं." तिकडे तू एका दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायचीस. डॉक्टरही तुलाच विचारतात, असं तू लिहिलं होतंस. मला नवल वाटलं नाही.

लॅम्डा का कलतो, यावरचंही आपलं भांडण अर्धंच राहिलं. टकरीतून बाहेर ओढला जाताना त्या ओढीनेच तो फिरतो, असं तुझं म्हणणं. फिरकी आधीच आत कुठेतरी दडलेली असते, असं माझं. तुझ्या प्रत्येक पत्रात एक नवीन आकृती असायची, आणि माझ्या प्रत्येक उत्तरात ती खोडलेली. त्यानंतर मोठमोठ्या प्रयोगांतून असं निघालं की खुद्द प्रोटॉनची फिरकी कशाकशाची मिळून होते, हेच अजून नीट कळलेलं नाही. म्हणजे आपण दोघीही अजून हरलेलो नाही. मला तू हवी होतीस, एस्तर, या भांडणाला. दुसऱ्या कुणाशी भांडण्यात मजा नाही.

काल टी.वाय.च्या वर्गात हा विषय होता. आपला आलेख मी फळ्यावर काढला. दुसऱ्या बाकावरची मुलगी उठली, तोंडाळ आहे, मला आवडते. "मॅडम, एवढ्या जोरात धडक झाल्यावर फिरकी एकाच बाजूला कशी कलेल? मोजण्यात चूक झाली असेल."

"चूक झाली होती," मी म्हटलं. "शब्द मी निवडला आणि अर्थ विचारला नाही. आणि मग मोजणारीला मी खोटं ठरवलं, तिच्या पाठीमागे. मोजणारीचं एकही मोजमाप चुकलं नव्हतं."

मग तिनेच विचारलं, "मोजणारी कोण?"

मी फळा पुसला नाही, आलेखाच्या डोक्यावरच जागा होती. तिथे मोठ्या अक्षरात लिहिलं, एस्तर डॅनियल चिरनेरकर, आणि म्हटलं, "वहीत घ्या."

मागून कुणीतरी विचारलं, "मॅडम, हे परीक्षेला आहे?"

"आहे," मी म्हटलं.

तुझी,
सुनंदा